आधी खुबा, मग खांदा

माझ्या नवऱ्याची कंबर ही आमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू होती, आणि ती त्याने एका चेंडूवर उधळली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी त्याची बाजू घेत बसायला नको. बाजू घेणारे तसेही कमी नाहीत. त्याच्या तोंडावर मी आयुष्यभर अहो-जाहो केलं. इथे करणार नाही.

मला अर्धांगाचा झटका आला तेव्हा डावी बाजू गेली. हात थोडाफार परत आला, पाय रुसला तो रुसलाच. बोलणं मात्र शाबूत राहिलं, नवऱ्याच्या मते गरजेपेक्षा जरा जास्तच. त्याआधी मी तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग खात्याची प्रमुख होते. माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा खाली आहे आणि कुठली विजार किती आखूड आहे ते मला आधी दिसतं, चेहरा नंतर. तो नाद पलंगावर पडल्यावरही सुटला नाही. उलट वाढला, कारण बघायला समोर एकच माणूस उरला होता.

रोज सकाळी तो मला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचा. मला कडेला बसतं करायचं, माझ्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, माझा उजवा हात त्याच्या मानेभोवती, त्याचे दोन्ही हात पट्ट्यात. मग ‘एक, दोन, हं’ म्हणून उभं करायचं आणि वळवून खुर्चीत ठेवायचं. दुपारी परत पलंगावर, संध्याकाळी परत खुर्चीत. मध्ये बाथरूमच्या फेऱ्या वेगळ्या. नवरा-बायको म्हणून एकमेकांना मिठी मारण्याची आमची तेवढीच वेळ उरली होती, आणि खरं सांगायचं तर तरुणपणी त्याने मला इतक्या वेळा मिठी मारली नव्हती.

बाई ठेवून पाहिली नाही असं नाही. पहिली उशिरा यायची आणि लवकर जायची. दुसरीने मला बाथरूममध्ये पाडलं आणि मग स्वतःच इतकी रडली की मलाच तिची समजूत काढावी लागली. माणसाला उचलण्याचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. ते आमच्या बाथरूमच्या दारातून आत शिरेना. स्वयंपाकाची बाई होती, पण ती माझ्या निम्म्याने. तेव्हा फिरून फिरून सगळा भार नवऱ्याच्या कमरेवर.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याने एकदा दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं होतं की बाबांची कंबर आहे तोवर ठीक आहे, पुढे आपण दुसरा विचार करू. हा दुसरा विचार त्याने करूनही ठेवला होता. केअर सेंटर बघून आला होता, फोनवर फोटो होते. स्वच्छ खोल्या, हसऱ्या नर्सा, कुंड्या. मी एकेक फोटो बघितला आणि फोन त्याला परत दिला. बोलला तो नवरा.

“माझी कंबर आहे तोवर ती याच घरात झोपेल,” तो म्हणाला.

मी तो शब्द घट्ट धरून ठेवला. दुसरं धरायला हाताशी काही नव्हतं.

आता त्याच्या गोल्फबद्दल. नोकरीत असताना तो पूल बांधायचा. एका वरिष्ठाने त्याला गोल्फच्या मैदानावर नेलं आणि तिथून हे वेड लागलं. हिरवळीवर चालत जाऊन एक चेंडू दांड्याने मारायचा, मग तो शोधायला परत चालत जायचं, यात शिकल्यासवरल्या माणसांना काय मिळतं ते मला कधी कळलं नाही. पण मी कधी अडवलंही नाही. जो माणूस रोज उठून बायकोला उचलतो त्याला थोडं उघडं आकाश मिळायला हवं, एवढी अक्कल मला आहे. स्वयंपाकाची बाई घरात असायची त्या सकाळी तो जायचा आणि माझ्या दुपारच्या फेरीआधी परत यायचा.

आमच्या बैठकीच्या खोलीत त्याचा एक फोटो होता. तरुणपणी कुठलीशी स्पर्धा जिंकला तेव्हाचा. नुकताच फटका मारलेला, दोन्ही हात डाव्या खांद्यावरून मागे गेलेले, पोट पुढे, पाठ मागे वाकलेली, धनुष्य ताणल्यासारखी, आणि हनुवटी वर. दिसायचा मात्र देखणा, मी नाकारत नाही. याच फोटोची मोठी प्रत क्लबच्या दिवाणखान्यात लावलेली होती. क्लबमधले नवे लोक ती बघून त्याला विचारायचे, हे कोण. आणि तो अगदी सहज सांगितल्यासारखं दाखवत म्हणायचा, मीच. हे मला त्याच्या मित्राने सांगितलं. या मित्राचा चेंडू कुठूनही मारला तरी वाळूच्या खड्ड्यातच जायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव वाळूभाऊजी. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

कंबरेचं दुखणं नवऱ्याने आधी लपवलं. पण विजारीचा एक पाय जमिनीला घासू लागला की माझ्यापासून काय लपणार. मोजे घालताना तो पलंगाच्या कडेवर बसून पायाला जवळ ओढू लागला. गाडीतून उतरल्यावर फाटकापर्यंत वाकूनच यायचा आणि फाटकाशी सरळ व्हायचा, मी खिडकीत असते म्हणून. मला उचलताना ‘एक, दोन’ म्हणायचा, पण ‘हं’ म्हणायचा नाही. श्वास रोखून धरायचा. मी विचारलं की म्हणायचा, हवा बदलली आहे.

मग एका सकाळी तो मध्येच थांबला. मी पलंगावरून उठलेली, खुर्चीपर्यंत पोचलेली नाही, पट्ट्याला लोंबकळते आहे, आणि तो जागच्या जागी गोठलेला. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या मानेवर टपकत होता. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा-म्हातारी नाचायला उभी राहिली आहेत. मी तसं म्हणालेही. तो हसला नाही. हळूहळू त्याने मला परत पलंगावर टेकवलं आणि स्वतः जमिनीवर बसला. मी खरंच घाबरले. केअर सेंटरच्या कुंड्या डोळ्यांसमोर आल्या.

माझ्या हातापायांचे व्यायाम घ्यायला एक फिजिओ यायचा. चांगला धिप्पाड, पायजमा घातल्यासारखी ढगळ पँट, आणि सांधे असे पिरगळायचा की मी त्याचं नाव मोडतोड ठेवलं होतं. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, आज मला राहू दे, यांना बघ. नवरा नको नको म्हणत होता, पण मोडतोडने त्याला स्टुलावर बसवलं, छातीशी हात बांधायला लावले आणि वळायला सांगितलं. नवरा वळला, म्हणजे मान वळली. मग त्याला जमिनीवर उताणा झोपवून एकेक गुडघा दुमडून आत-बाहेर फिरवला. पाय जरा फिरे आणि गंजलेल्या कडीसारखा अडे.

मोडतोड म्हणाला, काका, तुमचे खुबे आखडलेत, पाठीचा वरचा भागही आखडलाय. गोल्फचा फटका मारताना माणूस वळतो तो या दोन ठिकाणांहून. कंबरेच्या मणक्यांना वळण्याची फारशी सोयच नसते, ते वाकण्यासाठी आहेत. वय वाढलं, खुबे वळेनासे झाले, पण तुम्ही दांडा तरुणपणाइतकाच मागे नेता. मग ते उरलेलं वळण बिचाऱ्या कंबरेकडून वसूल होतं. शेवटी पाठ मागे वाकवता ते वर आणखी. अशा मार खाल्लेल्या कंबरेने तुम्ही काकूंना उचलता.

नवरा जमिनीवरूनच म्हणाला, “म्हणजे पुलाचे सांधे जाम झाले की तडा तुळईला जातो, तसं.”

“तसंच,” मोडतोड म्हणाला, आणि उठताना त्याची नजर भिंतीवर गेली. बराच वेळ तो फोटो बघत राहिला. “काका, राग मानू नका. हा फोटो म्हणजेच तुमचा आजार आहे.”

नवऱ्याने राग मानलाच. दोन दिवस तो मोडतोडशी धड बोलला नाही. त्यातून उपाय तर आणखी लागणारा होता. उजव्या पायाचा पंजा जरा बाहेर वळवून उभं राहायचं. दांडा मागे नेताना डावी टाच उचलू द्यायची, म्हणजे खुबा मोकळा वळतो. दांडा खांद्याच्या वर न्यायचाच नाही. आणि फटका मारून झाला की सरळ उभं राहायचं, धनुष्य नाही. चेंडू जवळ पडेल, पडू दे. नवरा म्हणाला, मग गोल्फ कशाला, अंगण झाडायला जातो. मोडतोड शांतपणे म्हणाला की निवड तुमची आहे. फटका आणि काकू, दोन्ही एकाच कमरेतून खर्च होतात.

हे त्याला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर स्वारी सतरंजीवर आडवी. गुडघे दुमडून दोन्ही एकदम डावीकडे, दोन्ही एकदम उजवीकडे, आणि तोंडाने हाय हाय. मलाही पलंगावर तोच व्यायाम होता, कुशीवर वळण्याचा. माझं डावं अंग निकामी असल्यामुळे मला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, तो येऊन बदलायचा. मोडतोड आम्हा दोघांनाही एकच गोष्ट घोकून घ्यायचा. आधी खुबा, मग खांदा. खुबा गेला की खांदा आपोआप मागून येतो, ओढायचा नाही. तो खाली, मी वर, आणि मध्ये मोडतोड चहा पीत आमची परीक्षा घेतोय. ज्याचं चुकेल त्याला दुसरा हसे. त्या दिवसांत आम्ही जितके हसलो तितके झटक्याआधीच्या कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. मी सुखी होते. पलंगावर पडलेली बाई असं म्हणते तेव्हा लोकांना ती उगाच बोलतेय असं वाटतं, पण होते.

एका सकाळी मी उजवा पाय गादीत रोवला, खुबा ढकलला, खांदा मागून आला आणि मी डाव्या कुशीवर वळले. एकटी. सतरंजीवरून नवरा उठून बसला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, आता मलाच रोज पाठ बघायला मिळणार वाटतं.

त्याचीही प्रगती होत होती. बैठकीच्या खोलीत दांडा घेऊन तो मला नवा फटका करून दाखवायचा, त्यात एकदा दिव्याची काच गेली. आखूड, अर्धवट, झाडूने कोळिष्टक काढावं तसा दिसायचा तो फटका, यात शंका नाही. क्लबमधून आला की म्हणायचा, तुझ्या मोडतोडमुळे मी आता माशा मारतो. पण चेंडू सरळ जायला लागला होता. पूर्वी लांब जायचा तो झाडीत. आता जवळ पडायचा, पण मधोमध. वाळूभाऊजी खूश होते, कारण दोघांची जोडी जिंकायला लागली होती. आणि माझ्या दृष्टीने मुख्य म्हणजे सकाळी ‘एक, दोन’च्या मागून परत ‘हं’ ऐकू येऊ लागला.

मग क्लबची ज्येष्ठांची जोडी-स्पर्धा आली. जिंकत जिंकत हे दोघे शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. आदल्या संध्याकाळी नवरा दांडे पुसत बसला होता. मी त्याला म्हटलं, काही झालं तरी आखूड मारा. कोणी हसलं तरी.

“शब्द देतो,” तो म्हणाला. मान वर न करता म्हणाला, पण म्हणाला.

त्या दिवशी त्याने मला खुर्चीत बसवून खिडकीशी नेऊन ठेवलं, पाण्याची बाटली उजव्या हाताला ठेवली, आणि दुपारच्या जेवणापर्यंत येतो म्हणून गेला. जेवणाची वेळ टळली. स्वयंपाकाची बाई थोडं थांबली आणि तिच्या मुलांची शाळा सुटायची म्हणून गेली. मी खिडकीत. फोन लावला तर उचलेना. मला वाटलं जिंकले असतील, पेले उंचावत असतील, म्हणून मनात चार शिव्या घातल्या. मग बाथरूमची निकड झाली. मी दात आवळून बसले, फाटकाकडे बघत बसले, आणि शेवटी जे व्हायचं ते खुर्चीतच झालं. लहान असताना सोडलं तर कोणी पाहावं अशी ती गोष्ट नव्हे. उन्हं कलली तेव्हा वाळूभाऊजींची गाडी आली.

नवरा मागच्या सीटवर आडवा होता. त्याला चौघांनी आत आणलं आणि बैठकीच्या खोलीत जमिनीवर निजवलं, त्याच्याच फोटोखाली. त्याला मानही वळवता येत नव्हती. दोघे शेजारी मला पलंगावर ठेवायला आले. कपाट हलवावं तसं मला हलवलं. एक दुसऱ्याला सांगत होता, डावीकडून धरा, तिकडून जड आहे. माझ्या ओल्या कपड्यांबद्दल दोघेही काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उघड्या दारातून नवऱ्याचा आवाज आला. “जिंकलो गं.”

“बरं झालं,” मी म्हणाले. आणि मनापासून म्हणाले.

मग वाळूभाऊजी डॉक्टर आणायला गेल्यावर त्याने छताकडे बघत बघत सांगितलं. शेवटचा फटका होता. मारावाच लागला. मी विचारलं, जुना? तो म्हणाला, हो, मारावाच लागला.

कंबरेच्या मणक्यांमधली गादी सरकली होती. पायात मुंग्या, उभं राहणं मुश्कील. डॉक्टर म्हणाले, बरे व्हाल, चालाल, पण वजन उचलणं आता विसरा. मुलगा आला. तो माझ्या पलंगाशी बसला, माझ्या चादरीची घडी करत, मोडत, परत करत राहिला. मीच म्हटलं, चल, बघू तुझ्या कुंड्या.

कुंड्या खऱ्याच आहेत. इथे सगळं स्वच्छ आहे आणि माणसं वाईट नाहीत, तेच जास्त जाचतं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. खोलीत तीन पलंग. एक बाई दिवसभर झोपते, दुसरी कुणाला तरी हाका मारत असते, आणि माझा पलंग डावीकडच्या भिंतीला लागून. आमच्या बाथरूमच्या दारात अडकलेलं ते यंत्र इथे मजेत फिरतं. मला कापडाच्या झोळीत घालतात, बटण दाबतात, आणि मी हवेत लोंबकळत खुर्चीकडे जाते. कोणाची कंबर दुखत नाही. कोणी ‘हं’ म्हणत नाही. नर्सला मी म्हटलं होतं की बटण दाबताना निदान एक-दोन तरी म्हण. तिने दोन दिवस म्हटलं, मग विसरली.

नवरा उभा राहायला लागल्यावर स्वतःच्या कमरेला पट्टा बांधून, काठी टेकत मला भेटायला येऊ लागला. येताना त्याने तो जिंकलेला चांदीचा कप आणला आणि माझ्या उशाशी ठेवला. मी तो ठेवून घेतला. मी त्याच्यावर रागावले नव्हते, हे लक्षात घ्या. मी स्वतःची अशी समजूत घातली होती की माणूस शेवटच्या क्षणी हरतो की जिंकतो अशा जागी उभा होता, मित्राची साथ सोडता येत नव्हती, मारावाच लागला. मीही कारखान्यात माल वेळेवर जावा म्हणून बोटं कापून घेतली आहेत. नर्सना मी तो कप दाखवायची. आमच्या ह्यांनी जिंकलाय म्हणायची. कंबर देऊन, असंही म्हणायची, आणि त्या हळहळायच्या तेव्हा मला बरं वाटायचं.

मग परवा वाळूभाऊजी आले. सफरचंदं आणली होती, ती कुठे ठेवावी कळेना म्हणून कपातच ठेवली. इकडचं तिकडचं झालं. ते बोलायला भोळे, आत एक बाहेर एक असं त्यांच्यात नाही. मीच विचारलं, भाऊजी, तो शेवटचा फटका मारला नसता तर हरला असता का हो तुम्ही?

“छे वहिनी, सामना तर कधीच संपला होता,” ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मैदानावर ओळीने खळगे असतात, चेंडू एकेकात घालत पुढे जायचं, त्या एकेका टप्प्याला होल म्हणतात, आणि जोडीच्या सामन्यात प्रत्येक होल म्हणजे वेगळी लढत. एका जोडीची आघाडी उरलेल्या होलांपेक्षा जास्त झाली की सामना तिथेच संपतो. आम्ही दोन होल बाकी असतानाच जिंकलो, वहिनी, यांच्या आखूड फटक्यांवरच जिंकलो, काय सरळ मारत होते. पण मैदान असं की क्लबकडे परत यायचं तर त्या उरलेल्या होलांवरूनच चालत यावं लागतं. मग लोक हातासरशी खेळत येतात. त्याचे गुण कोणी धरत नाही, गंमत म्हणून. तर शेवटच्या होलवर समोरच्या जोडीतला एक नवा मेंबर यांना म्हणाला, आत फोटो आहे तो खरंच तुमचा का हो? दिवसभर बघतोय, पटत नाही. झालं. यांनी टोपी काढून माझ्याकडे दिली. डावी टाच जमिनीत रोवली. मला कळलं. मीच म्हटलं, मार रे एकदा मोकळेपणाने, आता काय जातंय आपलं.

भाऊजींचे डोळे चमकत होते. “काय चेंडू होता वहिनी. सगळे बघतच राहिले. मग मागे पाहिलं तर हे गुडघ्यावर.”

मी त्यांना सफरचंद कापून द्यायला सांगितलं. दुसरं काय सांगणार. ते गेल्यावर मी कप उचलायला गेले, पण एका हाताने त्यातली सफरचंदं काढता येईनात, म्हणून तो तसाच राहिला.

काय जातंय आपलं. त्याच वेळी मी खिडकीत दात आवळून बसले होते.

आज नवरा आला. काठी भिंतीला लावली, स्टूल ओढून माझ्या उजव्या हाताला बसला, पट्टा सारखा केला. बाहेर ऊन फार आहे म्हणाला. माझं बोलायचं ठरलं होतं. रात्रभर मी वाक्यं तयार केली होती, अशी की त्याला उठून जावंसं वाटेल. पण तोंडातून एवढंच आलं.

“सामना संपला होता ना?”

तो सफरचंदांकडे बघत राहिला. खोटं बोलेल असं वाटलं. बोलला असता तर मी कदाचित ऐकूनही घेतलं असतं, आणखी एकदा.

“हो,” तो म्हणाला.

“मग?”

“एकदा बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

“अजून जमतं का.”

शेजारची बाई कोणाला तरी हाका मारत होती. नर्स आली, तिची उशी सारखी करून गेली. मला राग होता, आणि त्याच वेळी मला विचारल्याशिवाय राहवेना. अंगणात पडून आलेल्या पोराला आई विचारते तसं नाही. त्या एका फटक्यावर माझं घर गेलं होतं, तर त्याच्या बदल्यात काय मिळालं ते मला कळायला हवं होतं.

“जमलं?” मी विचारलं.

आणि त्याचा चेहरा उजळला. लपवायचं त्याने पाहिलं, पण जमलं नाही. मी आजारी पडल्यापासून तो चेहरा मी पाहिलेला नव्हता. फोटोतला होता तो, मी ज्याच्याशी लग्न केलं तो.

“तळ्यावरून गेला,” तो म्हणाला. “मधोमध. पलीकडच्या झाडाशी थांबला. तिथपर्यंत मी तरुणपणीही कधी...” बोलता बोलता त्याचे दोन्ही हात आपोआप डाव्या खांद्याकडे वर गेले. स्टुलावर बसल्या बसल्या, पट्टा परवानगी देईल तितका तो वळला. हनुवटी वर. डोळे दूर, या खोलीच्या बाहेर, जिथे तो चेंडू अजून उडत होता. मी तिथे कुठेच नव्हते.

मी उजवा पाय गादीत रोवला. आधी खुबा, मग खांदा. कोणाची मदत न घेता मी भिंतीकडे कूस बदलली. या वेळी मागून टाळ्या आल्या नाहीत. मग काठीचा आवाज आला, दारापर्यंत, आणि तिथून पुढे.